डावीकडची फुलं

प्रेमलता गेली चौतीस वर्षं एका डोळ्याने संसार करत होती, आणि ही गोष्ट तिच्या नवऱ्यालासुद्धा ठाऊक नव्हती.

तिचा डावा डोळा दिसायला उजव्याइतकाच देखणा. फक्त त्याला दिसत नसे. सहाव्या वर्षी भावाने टोलावलेली विटी लागली, आठ दिवस डोळा सुजला, सूज उतरली, आणि मग त्यातून उजेड आणि अंधार यापलीकडे काही कळेनासं झालं. वडिलांनी वसईला डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टरांनी नुसतीच मान हलवली. घरी येताना वडील म्हणाले, "कोणाला सांगू नको बाय. वरून काही कळत नाही, मग कशाला सांगायचं?" पुढे लग्न जमवायचं आहे, हे ते बोलले नाहीत, पण न बोललेलं कळण्याइतकी ती शहाणी होती.

तेव्हापासून तिने हे गुपित जपलं, आणि इतकं छान जपलं की त्यातून तिच्या नावावर दोन-चार सद्गुणही जमा झाले. चहा ओतताना अंदाज चुकू नये म्हणून ती किटलीची चोच कपाच्या काठाला टेकवायची. सासूबाई म्हणायच्या, काय टापटीप आहे पोरीला. पायरी उतरताना ती आधी पायाने चाचपायची. लोक म्हणायचे, चालणं किती नम्र. मनातल्या मनात ती हसायची आणि स्वतःची समजूत घालायची, की आपल्या भाषेतही सगळं एकाच डोळ्यावर चालतं. झोप आली की डोळा लागतो, एखाद्या गोष्टीवर आपण डोळा ठेवतो, कोणाचा तरी डोळा चुकवतो. दुसऱ्याचं काम तरी काय?

तरी भीती होती ती होतीच. रामचंद्र माणूस सज्जन, पोस्टात नोकरी करून निवृत्त झालेला, आवाज चढवून न बोलणारा. पण त्याला काही खोटं-चुकीचं खपत नसे. पाकिटावरचा पिनकोड चुकला तरी त्याचं तोंड उतरायचं. आपण याला फसवून या घरात आलो, आणि ज्या दिवशी हे कळेल त्या दिवशी हा रागावणार नाही, नुसता गप्प होईल, याची तिला खात्री होती. तो आधीच कमी बोलायचा. त्याहून गप्प झालेला रामचंद्र तिला सोसला नसता.

राजोडीला समुद्राच्या अलीकडे त्यांची सोनचाफ्याची वाडी. साठ झाडं. पहाटे उजाडायला लागलं की फुलं काढायची, आठच्या आत ती बाजाराच्या वाटेला लागली पाहिजेत. चाफा काढणं वाटतं तितकं सोपं नाही. फूल पिवळं असलं तरी ते पानांच्या गर्दीत असं दडून बसतं की समोर उभ्या माणसाला दिसत नाही, आणि राहून गेलेलं फूल दुसऱ्या दिवशी कोणी विकत घेत नाही. या कामात प्रेमलताचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. ती झाडासमोर उभी राहायची, गुणगुणायची, आणि कमरेपासून वरचं सगळं शरीर डावीकडे-उजवीकडे डोलवायची. डोललं की पानं एकमेकांवरून सरकल्यासारखी दिसतात आणि मागचं फूल क्षणभर चमकून जातं. दुसरा डोळा नसलेल्या बाईने शोधून काढलेली ही युक्ती होती.

फुलं काढायला शिकायला आलेल्या बायका विचारायच्या, डोलायचं कशाला? खरं कारण सांगण्याची सोय नव्हती. तेव्हा एकदा तिने ठोकून दिलं, "चाफा लाजरा असतो. टक लावून बघितलं की लपतो. आपलं लक्ष नाही असं दाखवलं की फसतो." बायकांना ते इतकं पटलं की त्यांनी ते पुढच्यांना सांगितलं. पंचवीस वर्षांत राजोडीपासून आगाशीपर्यंत चाफा काढणारा प्रत्येक माणूस डोलायला लागला. सकाळी समुद्रावर आलेले मुंबईचे पाहुणे कुंपणाशी थांबून हा प्रकार बघायचे आणि ही इथली काहीतरी जुनी प्रथा असणार म्हणून व्हिडिओ काढायचे.

अशात नवरात्राच्या आधीच्या शनिवारी पहाटे, फुलं काढायच्या आधीच, हेमांगी आली.

हेमांगी म्हणजे रामचंद्रच्या धाकट्या भावाची मुलगी. राहायला फुलपाड्याला, आणि मुंबईच्या एका कॉलेजात पीएच.डी. करत होती. काय करते ते घरात कोणाला धड सांगता येत नसे. 'कॉम्प्युटरमधलं काहीतरी' यावर सगळे थांबायचे. या वेळी मात्र तिने लॅपटॉप ओटीवरच्या झोपाळ्यावर मांडला आणि काकीला शेजारी बसवून घेतलं.

"काकी, मागच्या महिन्यात मी तुझ्या झाडांचे फोटो काढून नेले होते ना, त्यांचं हे मॉडेल. खऱ्या झाडासारखंच, प्रत्येक पान आपल्या जागी. आता यात मी दोन डोळे ठेवते. पानांच्या गर्दीत डाव्या डोळ्याला एका फटीतून दिसतं, उजव्याला दुसऱ्या. उजव्यापुढे पान आलं तर डावा त्याच्या कडेने मागे बघतो. दोघांचं मिळून आपल्याला पानाआडचं पण दिसतं. नुसत्या एका डोळ्याला जेवढं दिसतं त्याच्या दीडपट, असं माझं मॉडेल म्हणतं."

प्रेमलता झोपाळ्यावर थोडी मागे सरकली. गावात इतके विषय पडले होते. भाजी होती, मासळी होती, मिठागरं होती. या पोरीला नेमकी डोळ्यांचीच हौस यावी?

"हे बघ," हेमांगीने एक बटण दाबलं, "हे फक्त डाव्या डोळ्याला दिसणारं."

पडद्यावर कुंपणाकडचं तिसरं झाड उभं होतं. प्रेमलता त्या झाडाला पानापानाने ओळखत होती. पण खालच्या फांदीशी, जिथे तिला रोज नुसती पानंच दिसायची, तिथे तीन फुलं होती. सरळ, न डोलता दिसत होती. ती बघतच राहिली. पन्नास वर्षांपूर्वी आपल्यापासून जे गेलं ते असं होतं तर. तिला रडू आलं नाही. एखादा नातेवाईक फार वर्षांनी भेटावा तसं बरं वाटलं.

"परत दाखव," ती म्हणाली. हेमांगीने परत दाखवलं. काकीला संशोधनात रस आहे असं वाटून ती बिचारी खूश झाली.

आता हे सगळं खऱ्या माणसांवर तपासायचं होतं, आणि सोमवारी कॉलेजात सरांपुढे मांडायचं होतं. पद्धत साधी होती. झाडापासून दोन पावलांवर चुन्याची रेघ. रेघेवर उभं राहून अर्ध्या मिनिटात किती फुलं दिसतात ते सांगायचं. एका झाडासमोर दोन्ही डोळे उघडे, दुसऱ्यासमोर एकावर पट्टी. नंतर सगळी फुलं काढून खरा आकडा बघायचा.

प्रेमलताने भाकऱ्यांचं निमित्त सांगून पाय काढायला बघितलं, पण सँड्रा कुठली सोडते. सँड्रा शेजारच्या वाडीतली, प्रेमलताच्याच हाताखाली फुलं काढायला शिकलेली, आणि तिच्याइतकीच साठीकडे झुकलेली. "भाकऱ्या कोन पन करील, वहिनी," ती म्हणाली. "तुझ्याबिगर चाफ्याची परीक्षा काय व्हायची?"

शेवटी प्रेमलता रेघेवर उभी राहिली. पट्टी हातात आली तेव्हा तिने ती मुकाट्याने डाव्या डोळ्यावर चढवली, नेहमीसारखी डोलली, आणि चाळीसांतली छत्तीस फुलं सांगितली. दोन्ही डोळ्यांनीही तितकीच. कोणाला संशय आला नाही. तिचा जीव भांड्यात पडला.

पण दुपारी आकडे जुळवताना हेमांगीचा चेहरा पडत गेला. नुसत्या काकीचंच नाही, सगळ्यांचंच तसं झालं होतं. सँड्राला दोन डोळ्यांनी चौतीस, एका डोळ्याने तेहेतीस. फुलं काढायला येणाऱ्या विनिताला बत्तीस आणि बत्तीस. तिच्यासोबतच्या शत्रुघ्नला तर एका डोळ्याने एक फूल जास्तच दिसलं. एक डोळा झाकून कोणाचं काही अडलंच नव्हतं.

"तीन वर्षं, काकी," हेमांगी ओटीवर गुडघ्यांत डोकं घालून म्हणाली. "तीन वर्षं मी हे बनवतेय. सोमवारी सर म्हणतील, मॉडेल टाकून दे, नवीन विषय घे. बरोबरच म्हणतील. माझंच कुठेतरी चुकलंय."

प्रेमलता तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. चुकलं कोणाचं ते तिला पुरतं ठाऊक होतं. पोरीचं मॉडेल अगदी खरं होतं. खोटी होती ती वाडी. अख्ख्या गावाला एका डोळ्याच्या बाईने फुलं काढायला शिकवलं होतं, आणि दोन-दोन धडधाकट डोळे असलेली माणसं निमूटपणे एक डोळा नसल्यासारखी डोलत होती. मग पट्टी बांधली काय आणि सोडली काय, फरक पडणार कसा?

हे एका वाक्यात सांगण्यासारखं होतं. ते वाक्य तिच्या जिभेच्या टोकावर आलं, आणि आत खाटेवर वर्तमानपत्र वाचणाऱ्या रामचंद्रचा खोकला ऐकून परत गेलं. मग तिने अर्धंच सांगितलं.

"उद्या परत घे परीक्षा. फक्त कोणाला हलू देऊ नको. शिडी उभी कर आणि तिच्या पायरीवर हनुवटी टेकवून बघायला सांग."

"त्याने काय होईल?"

"करून तर बघ."

रविवारी सकाळी शिडी उभी राहिली. सँड्राने हनुवटी टेकवली आणि दुसऱ्याच क्षणाला तिचे खांदे डोलायला लागले. विनिताने मागून तिला घट्ट धरलं. "देवा, अशानं फूल लाजंल ना गे," सँड्रा कुरकुरली. पण आकडे आले ते वेगळे. दोन डोळ्यांनी एकतीस, एका डोळ्याने एकवीस. विनिताला तीस आणि वीस. शत्रुघ्नलाही तसंच. मॉडेलने सांगितल्याप्रमाणे दीडपट. हेमांगीने लॅपटॉप बंद केला, परत उघडला, आकडे परत बघितले आणि काकीला मिठी मारली.

इथे गोष्ट संपली असती तर प्रेमलताची हरकत नव्हती. पण हेमांगीने वही काढली.

"काकी, आता मला सांग. डोलण्यामुळे एक डोळा दोन डोळ्यांचं काम करतो. डोकं इकडून तिकडे गेलं की तोच डोळा दोन्ही जागांवरून बघतो. हे तर मॉडेलमध्ये घालायलाच हवं, सर वेडे होतील. पण हे आलं कुठून? सगळे म्हणतात तू शिकवलंस."

"चाफा लाजरा असतो," प्रेमलता सवयीने म्हणाली. "टक लावून बघितलं की लपतो."

हेमांगी हसली नाही. तिने मान खाली घालून ते शब्दन् शब्द वहीत लिहायला घेतलं. तारीख घातली, गावाचं नाव घातलं, आणि खाली 'प्रेमलताकाकी यांच्या म्हणण्यानुसार' असंही लिहिलं.

ते नाव बघून प्रेमलताला कसंतरी झालं. आजवर ती खोटं बोलली होती ते तोंडी, वाऱ्यावर जाणारं. हे कागदावर चाललं होतं. सोमवारी हे कॉलेजात मोठ्याने वाचलं जाणार, कोणीतरी हसणार, आणि जिने तीन वर्षं मान मोडून काम केलं ती पोरगी तिथे उभी राहून काकीची थाप काकीच्या नावाने सांगणार. हेमांगीचं अक्षर फार सुरेख होतं. तेच तिला सहन होईना.

"ते लिहू नको," ती म्हणाली. "खोटं आहे ते."

"म्हणजे?"

"मला डाव्या डोळ्याने दिसत नाही." एकदा सुरू झाल्यावर थांबणं अवघड होतं. "सहा वर्षांची असल्यापासून. विटी लागली होती. मला एकच डोळा आहे, म्हणून मी डोलते. बाकीचे डोलतात ते मी डोलते म्हणून. शिडीला टेकवून माझे आकडे घे, दोन्ही डोळे उघडे ठेवले तरी वीसच येतील. उजवा झाकलास तर झाडच दिसायचं नाही. हे लिही, खरं आहे. पण माझं नाव घालू नको, आणि तुझ्या काकांना सांगू नको. त्यांच्याशी लग्न झालं तेव्हा मी हे लपवलं. ते काही बोलणार नाहीत, पण त्यांच्या मनातून मी उतरेन."

हेमांगीने पेन खाली ठेवलं. समोर उभी असलेली सँड्रा डोळ्यांनी काहीतरी खुणावत होती, भुवया उडवत होती, हनुवटीने प्रेमलताच्या डावीकडे दाखवत होती. प्रेमलताला वाटलं, ही रडते की काय.

"चहा आणलाय," डावीकडून रामचंद्रचा आवाज आला.

तो हातात किटली घेऊन उभा होता, तिच्यापासून हातभर अंतरावर. कधीपासून, ते विचारायची गरज नव्हती. तिने मान वळवली तेव्हा कुठे तो तिला दिसला. सँड्राने क्रुसाची खूण केली आणि विनिताला दंडाला धरून पलीकडच्या झाडाकडे नेलं. हेमांगीही वही मिटून त्यांच्या मागे गेली.

रामचंद्रने किटली शिडीच्या पायरीवर ठेवली. बराच वेळ तो तिच्या डाव्या डोळ्याकडे बघत राहिला, पत्ता नीट न लिहिलेल्या पाकिटाकडे बघावं तसा.

"या डोळ्याने काहीच दिसत नाही?"

"नाही."

"लग्नातसुद्धा दिसत नव्हतं?"

"नाही. माझं चुकलं. मी तेव्हाच..."

"लग्नात मी तुझ्या डावीकडे बसलो होतो," रामचंद्र म्हणाला. "तू माझ्या उजव्या हाताला होतीस. होम चालला होता. मी पाच-सहा वेळा तुझ्याकडे बघितलं. तू एकदाही बघितलं नाहीस. मग सत्यनारायणाला. दर वर्षी सत्यनारायण, दर वर्षी तू उजवीकडे. लग्नानंतर विरारला सिनेमाला गेलो, तिथेही मी डाव्या खुर्चीत होतो. तीन तास मी पडदा सोडून तुझ्याकडे बघत होतो."

"मी सिनेमा बघत होते," प्रेमलता म्हणाली. "तिकीट काढलं होतं ना."

"मला वाटलं, हिला मी आवडलो नाही."

प्रेमलता त्याच्याकडे पुरती वळली.

"घरच्यांनी सांगितलं म्हणून हिने लग्न केलं, असं मी धरून चाललो. मग म्हटलं, नाही आवडत तर कशाला जास्त बोलून त्रास द्यायचा. आपण आपलं बेताने राहावं. तशी सवय झाली." त्याने खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, आणि तो न घालताच हातात धरून ठेवला. "चौतीस वर्षं, प्रेमा. मी गप्प का, असं तुला कधी वाटलं नाही?"

"मला वाटलं, तुमचा स्वभावच तसा."

"माझा? पोस्टात माझं तोंड बंद करायला मास्तरांना ओरडावं लागायचं."

हे मात्र तिने कोणाकडून ऐकलं नव्हतं. तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. ज्या डोळ्याने तिला काही दिसत नसे त्यातूनही आलं. फसवलं तिने होतं, पण त्याच्या तोंडावर राग नव्हता. फार मोठं ओझं खाली ठेवलेल्या माणसासारखा तो दिसत होता, आणि थोडा खुळाही. त्याने ओतलेला चहा अर्धा बशीत सांडला. दोघांनी तो तिथेच, शिडीला टेकून प्यायला, आणि रामचंद्र इतकं बोलला की पलीकडच्या झाडाशी थांबलेल्या सँड्राने दोनदा डोकावून सगळं ठीक आहे ना याची खात्री करून घेतली.

सोमवारी सरांनी हेमांगीचं मॉडेल तर ठेवलंच, वर डोलण्याचा एक वेगळा भाग लिहायला सांगितला. तिने फोनवर विचारलं, "काकी, खरंच नाव नको घालू?" प्रेमलता म्हणाली, "घाल. पूर्ण घाल, आणि शुद्धलेखन नीट बघ, तुझे काका तपासणार आहेत."

मंगळवारी पहाटे ती वाडीत गेली तर रामचंद्र तिच्या आधी येऊन उभा होता. लग्नापासून आजवर तो फुलं काढायला कधी आला नव्हता. त्याने झाडाची बाजू नीट हेरून ठेवली होती. प्रेमलता रेघेवर येताच तो जाऊन बरोबर तिच्या उजव्या अंगाला, पाऊलभर पुढे उभा राहिला, छाती काढून, केसांना तेल लावून. ती डावीकडे डोलली, उजवीकडे डोलली. झाडाचा निम्मा भाग त्याच्यामागे गेला होता.

"अहो, सरका ना. चाफा दिसत नाही."

"मी दिसतोय ना?"

"तुम्हीच दिसताय."

"मग झालं," रामचंद्र म्हणाला, आणि सरकला नाही. त्या दिवशी त्या झाडावरची नऊ फुलं काढायची राहून गेली.